चार बोटं ढिली

गुंडप्पानं मारलेली गाठ सुटली असं कुणी सांगितलं असतं, तर केज तालुक्यात लोकांनी सांगणाऱ्यालाच वेड्यात काढलं असतं. गावच्या दूध संस्थेचे कॅन शीतकरण केंद्रावर न्यायचं काम सव्वीस वर्षं त्याच्याकडं होतं. आधी बैलगाडीनं फाट्यापर्यंत, मग टेंपोनं, आणि आता संस्थेच्या पिकअपनं. एवढ्या वर्षांत एक कॅन आडवा झाला नाही. मोहनराव चेअरमन होते तेव्हा दर वार्षिक सभेत म्हणायचे, "आपल्या संस्थेत दोनच गोष्टी पक्क्या. एक गुंडप्पाची गाठ, आन् दुसरी माझी खुर्ची." खुर्ची पुढच्याच निवडणुकीत हलली. गाठीला मात्र अजून कुणी नाव ठेवलं नव्हतं.

आता कुणाला वाटेल, कॅन बांधण्यात एवढं काय मोठं? भरल्या गाडीत काहीच नाही. चाळीस कॅन अंगाला अंग लावून उभे राहिले की तेच एकमेकांना धरतात, बांधणारा नुसता नावाला. खरी परीक्षा दुष्काळात. चारा संपला, म्हशी आटल्या, की चाळिसाचे अकरा होतात आणि त्यातलेही निम्मे अर्धवट. मोकळ्या गाडीत अर्धा कॅन वरातीत नाचल्यासारखा नाचतो. आतलं दूध घुसळतं, वर लोण्याचे गोळे येतात आणि केंद्रावरचा माणूस फॅट कमी लावतो. मग गावातल्या म्हशीवाल्या बाया गुंडप्पाच्या सात पिढ्यांचा उद्धार करतात. म्हणून त्यानं आपली रीत बसवली होती. प्रत्येक कॅन पुढं केबिनला टेकवायचा, म्हणजे ब्रेक लागला तरी त्याला पुढं जायला जागाच नको. गुडघा कॅनवर रोवायचा आणि मग दोर ओढायचा. शेवटी कॅनची मान धरून गदागदा हलवायची. कॅन हलला तर गाठ खोटी, अख्खी गाडी हलली तर खरी.

त्या साली अधिक श्रावण आला तो कोरडाच. पेरणीपुरता पाऊस झाला, सोयाबीन वीतभर वर आलं आणि मग आभाळानं जी पाठ फिरवली ती फिरवलीच. गावात दिवसाआड टँकर येत होता. पण दुष्काळ पडला म्हणून धोंड्याचा महिना काही थांबत नाही. दर तिसऱ्या वर्षी येणारा हा अधिक महिना म्हणजे जावयाचा महिना. जावयाला बोलवायचं, पाटावर बसवून त्याचे पाय धुवायचे, पुरणाचे धोंडे करून तुपात बुडवून वाढायचे, आणि महिनाभर तरी जावई म्हणजे साक्षात महादेव आहे असं समजायचं. गुंडप्पाची एकुलती एक लेक शिवगंगा पुण्याला दिली होती. जावई वैजनाथ मूळचा परळीकडचा, चाकणला कारखान्यात नोकरीला. लग्नानंतरचा त्याचा हा पहिलाच धोंडा. आणि सोबत येणार होती पारू, शिवगंगेची सात महिन्यांची लेक, जी अंबाजोगाईच्या दवाखान्यात जन्मली, तीन महिने आजोबाच्या खांद्यावर वाढली आणि चैत्रात पुण्याला गेली ती गुंडप्पाच्या घराची सगळी हवाच सोबत घेऊन.

मांजरसुंब्याला चहाला थांबलोय, असा फोन आला तेव्हा अकरा वाजले होते. गुंडप्पानं हिशेब केला, म्हणजे बाराला दारात. बारा वाजले, साडेबारा वाजले. तो चार वेळा फाट्यापर्यंत जाऊन आला. गाडी दारात लागली तेव्हा दीड वाजला होता. नीलाबाई भाकरतुकडा ओवाळून टाकायला पुढं झाली आणि गुंडप्पा सरळ मागच्या दाराकडं धावला.

पारू मागच्या बाकावर एका खोलगट खुर्चीत बसली होती. ही खुर्ची गुंडप्पानं चैत्रात पाहिली होती, पण खोक्यात. आता ती गाडीत बसवलेली होती आणि पारूचं तोंड मागच्या काचेकडं होतं.

"आगं बया," नीलाबाई म्हणाली, "लेकराचं तोंड मागं कावून केलं? त्याला रस्ता नको का दिसायला?"

वैजनाथ समजावून सांगायला पुढं झाला, पण गुंडप्पानं त्याला बोलूच दिलं नाही. बघताक्षणी त्याच्या ध्यानात आलं होतं.

"आवं, लेकराचं डोकं जड आन् मान कवळी. ब्रेक लागला की समदं पुढं जातं. तोंड पुढं असलं तर मान हिसकली न्हाई का? आसं मागं तोंड केलं की पाठ खुर्चीला टेकती, समदा भार पाठीवर. मी कॅन केबिनला टेकवतो ते कशासाठी?" आणि अभिमानानं जावयाकडं बघून म्हणाला, "लई शहाणपणाचं काम केलं जावईबापू तुमी."

वैजनाथ लाजला. गुंडप्पानं पारूला उचलून घेतलं, तिचे गाल, पाय, टाळू, सगळं एकदा तपासून घेतलं, आणि मग सव्वीस वर्षांच्या सवयीनं त्याचा मोकळा हात खुर्चीवर गेला. त्यानं ती धरून हलवली.

खुर्ची हलली. थोडीथोडकी नाही, चार बोटं इकडं आणि चार बोटं तिकडं.

अर्धा कॅन एवढा ढिला असला तर गुंडप्पा गाडीला स्टार्टर मारत नसे. आणि इथं दूध नव्हतं, इथं पारू होती. परवा सकाळी हीच खुर्ची, हीच पारू, पुण्यापर्यंत सहा-सात तास, त्या भरधाव ट्रकांच्या रस्त्यानं जाणार होती. त्यानं मान वर केली. समोर जावई उभा होता, कपाळाला कुंकू, खांद्याला टॉवेल, चेहऱ्यावर समाधान. गुंडप्पानं पारूला दुसऱ्या खांद्यावर घेतलं आणि "चला, आत चला," म्हणाला.

संध्याकाळी चुलीपाशी त्यानं नीलाबाईला सगळं सांगितलं. तिनं लाटणं खाली ठेवलं.

"आन् तुमी ते जावयाला सांगणार?"

"मंग न्हाई सांगायचं?"

"धोंड्याच्या महिन्यात? पाय धुवायच्या आधी? रामकिसनभाऊचं काय झालतं, इसरलात?"

रामकिसनचं काय झालं ते गावातलं शेंबडं पोरही सांगू शकत होतं. त्यानं जावयाला एवढंच म्हटलं होतं की मोटारसायकलचा स्टँड वर घ्या, पडाल. जावई तीन दिवाळ्या आला नाही. सासऱ्यानं चारचौघांत अक्कल काढली, म्हणाला. बरं, त्या दिवशी पडला तो पडलाच.

"मी गोडीत सांगतो ना," गुंडप्पा म्हणाला.

"तुमी आन् गोडीत? कॅनला आन् माणसाला तुमी येकच भाषा बोलता. लेकीचं सासर हाय ते. तोंडाला कुलूप घाला."

त्यानं शिवगंगेला गाठलं. वाटलं, नवराबायकोत गोष्ट गेली की आपण मोकळे. पण तो आडून आडून खुर्चीवर आला न आला तोच शिवगंगाच कौतुकानं सांगू लागली, "आप्पा, ते तीनदा व्हिडिओ बघून बसवायला शिकलेत. शेजारचेसुद्धा त्यांना विचारायला येतात. त्या खुर्चीला दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाहीत." बोलताना तिचा चेहरा असा फुलला होता की गुंडप्पाला पुढचं बोलवेना. "चांगलं हाय, चांगलं हाय," म्हणत तो उठला आणि गोठ्यात जाऊन उगीचच म्हशीला ओरडला.

दुसऱ्या दिवशी धोंड्याचं जेवण झालं. टँकरच्या पाण्यानं का होईना, पण पाय धुतले. नीलाबाईनं तांब्याच्या ताटात पाणी ओतलं, गुंडप्पानं जावयाचे पाय धुऊन पुसले, कुंकू लावलं. वैजनाथ संकोचानं अर्धा झाला होता. पानात पुरणाचे धोंडे पडले. गुंडप्पानं मनाशी ठरवलं की आता, बस्, आता बोलायचंच.

"जावईबापू," तो म्हणाला, "एक सांगू का..."

दारातून नीलाबाईनं असं बघितलं की दूध नासलं असतं.

"...तूप वाढू का?"

असं तीनदा झालं. तिसऱ्यांदा वाढलं तेव्हा धोंडे तुपात पोहत होते आणि वैजनाथ केविलवाण्या नजरेनं शिवगंगेकडं बघत होता. पण तोही नाही म्हणाला नाही. सासऱ्यानं वाढलेलं तूप तो मुकाट्यानं प्याला.

उन्हं कलल्यावर सगळे माळावरच्या महादेवाला निघाले, पारूला देवाच्या पायावर घालायला. अंतर दीड कोसाचं. नीलाबाई पुढं बसली आणि गुंडप्पा मागं पारूशेजारी. शिवगंगा पलीकडं. खुर्चीत पारू हातपाय उडवत होती, मधूनच आजोबाच्या मिशीकडं हात नेत होती, आणि गुंडप्पा एका हातानं तिला मिशी देत दुसऱ्या हातानं खुर्चीची कड गच्च धरून बसला होता. रस्त्यात खड्डा आला की त्याचा दंड ताठ होई. दोन्ही बाजूंनी सोयाबीननं माना टाकल्या होत्या. वैजनाथ गाडी अशी चालवत होता जणू डांबरावर अंडी पसरलीत. शेळ्या घेऊन परतणारी छबुबाई गाडीच्या बरोबरीनं चालत होती. ती काचेत वाकून म्हणाली, "जावईबापू, मागून ढकलू का?"

सगळे हसले, वैजनाथही. गुंडप्पाला हसू आलं नाही. त्याचा हात मनगटापासून बधिर झाला होता. दीड कोस धरता येईल, तो मनात म्हणत होता, पण पुण्यापर्यंत कोण धरणार?

देवळात त्यानं पारूला देवाच्या पायावर ठेवलं. इतर वेळी तो पावसाचं मागणं मागे. त्या दिवशी पाऊस आठवलाच नाही. तो म्हणाला, देवा, मला बोलायची बुद्धी दे, न्हाई तर न बोलता काम होईल आसं कर.

रात्रभर तो या कुशीवरून त्या कुशीवर होत राहिला, आणि पहाटे त्याला वाटलं की देवानं दुसरी वाट दाखवली. न बोलता! जावयाला कळू न देता आपणच गाठ मारायची. दूध काढायच्या वेळेला तो उठायचाच, कुणाला संशय येण्याचं कारण नव्हतं. त्यानं पिकअपमधला चांगला कासरा काढला, खुंटीवरची किल्ली घेतली आणि जावयाच्या गाडीचं मागचं दार उघडलं.

काम तसं सोपं होतं. कासरा खुर्चीच्या पाठीमागून घेतला, बाकाच्या पाठीला दोन वेढे दिले, गुडघा रोवला, जीव खाऊन ओढला आणि निरगाठ मारली. अशी गाठ, की तोडायला कोयताच लागावा. मग खुर्चीची मान धरून हलवली.

खुर्ची हलली. चार बोटं नाही, पण दोन बोटं हललीच.

गुंडप्पा बघतच राहिला. त्याची गाठ! त्यानं उरलेल्या कासऱ्याचे आणखी दोन वेढे दिले, पुन्हा ओढला, वर दुसरी गाठ मारली. पुन्हा दोन बोटं. पहाटेच्या गारव्यातही त्याच्या कपाळावर घाम आला. म्हातारा झालो का काय, हे त्याच्या मनात आल्यावाचून राहिलं नाही. मग त्यानं डोळे मिटले आणि नुसत्या हातानं खुर्ची दाबली. खाली काहीतरी दबत होतं आणि परत वर येत होतं. अरे! खाली मऊ आहे. कॅनखाली भुसकटाचं पोतं ठेवून कुणी बांधतं का? मऊ वस्तूवर बांधलं ते बांधलंच नाही म्हणून समजायचं.

त्यानं हात खाली सारला. हाताला गोधडी लागली. चौपदरी, टाक्या टाक्यांची. अंधारातही त्यानं ती बोटांनी ओळखली. नीलाबाईनं शिवगंगेच्या बाळंतपणात शिवलेली, तिच्याच लुगड्यांची गोधडी.

आणि ती मागच्या बाकावर अंथरली होती कुणी? चैत्रात, लेक निघाली त्या सकाळी, डोळे पुसत पुसत, नातीला हादरे बसू नयेत म्हणून, खुद्द गुंडप्पानं. अंथरून तो केंद्रावर निघून गेला होता, कारण दूध कुणाच्या रडण्यासाठी थांबत नाही. खुर्ची बसवलेली त्यानं पाहिलीच नव्हती.

"मामा?"

मागं वैजनाथ उभा होता. तोंडात ब्रश, अंगात बनियन. त्यानं सासऱ्याकडं पाहिलं, कासऱ्याकडं पाहिलं, निरगाठीकडं पाहिलं. गुंडप्पाला वाटलं, संपलं. रामकिसनच्या तीन दिवाळ्या गेल्या, आपल्या तर जन्माच्या जाणार.

वैजनाथनं चूळ भरली आणि हळूच म्हणाला, "मामा, दोरी नको."

"न्हाई, ते जरा..."

"दोरीनं न्हाई बांधायचं. गाडीचाच पट्टा पायजे. येळ आली तर एका बटणात सुटलं पायजे, तुमची गाठ कोण सोडणार?"

पोरगं खरं बोलत होतं. सव्वीस वर्षांत गुंडप्पाला कॅन कधी घाईनं बाहेर काढावा लागला नव्हता, पण लेकराला लागू शकतं. हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं.

"बरोबर हाय तुमचं," तो म्हणाला. "पर ती ढिली हाय ओ. चार बोटं."

"ठाऊक हाय."

"ठाऊक हाय?"

वैजनाथ गाडीला टेकून खाली बघत म्हणाला, "पुण्यात मी गोधडी काढूनच बसवतो. जरा हलत न्हाई. खाली काही घालायचं न्हाई, कंपनीच्या कागदावरच लिवलंय. पर इकडं यायचं म्हणलं आन्... तुमी सोताच्या हातानं अंथरलीवती. तुमी बघाल, म्हणाल, आमची गोधडी कुठं टाकली. आत्यांना वाईट वाटंल. म्हणून मांजरसुंब्याला चहाला थांबलो तवा खुर्ची काढली, गोधडी अंथरली आन् वरून बसवली. शिवगंगाला म्हणलं, मामांना बरं वाटंल. मंग तिथनं इथवर बैलगाडीच्या चालीनं आलो, जीव मुठीत धरून."

आता गुंडप्पाला अडीच तासांचा हिशेब लागला. तो कपाळावर हात मारून गाडीच्या उंबऱ्यावर बसला.

"आवं, मंग कालच्याला बोलायला काय झालतं?"

"तुमी पाय धूत होता माझे. तुमाला कसं म्हणू, तुमचं चुकलंय म्हणून? आन् तुमाला ढिली हाय ते कळलंवतं, तर तुमी कावून बोलला न्हाईत?"

"तुमी जावई. धोंड्याचा महिना."

दोघं एकमेकांकडं बघत राहिले. एक पोर, आणि तिच्यापायी दोन शहाणीसुरती माणसं दोन दिवस एकमेकांचा मान राखत बसली होती. मानपान जागच्या जागी होता आणि खुर्ची तेवढी चार बोटं ढिली. आधी वैजनाथला हसू फुटलं, मग गुंडप्पाला. म्हैस ओरडायला लागली तरी दोघं हसत होते.

हसू ओसरल्यावर वैजनाथ त्याच्या शेजारी उंबऱ्यावर टेकला. मग म्हणाला, "मामा, खरं सांगू का? ती खुर्ची पैल्यांदा बसवली ना, तवा चारदा काढून परत बसवली. बरोबर हाय का चूक, कुणाला इच्यारावं? आमचे बाबा गेले तवा मी नववीत. तवापासनं घरात समदे मलाच इच्यारतात. आई इच्यारती, भाऊ इच्यारतो, आता शेजारचे. वैजू करील, वैजूला कळतं. चुकलास म्हणणारं कुणी उरलंच न्हाई. मला खरंच कळतं का न्हाई, ते कुणीच सांगत न्हाई."

ज्या पोराचे पाय काल धुतले ते पोर इतकं एकटं आहे, हे गुंडप्पाला पाण्याच्या ताटात दिसलं नव्हतं. प्रेमाची भाषा त्याला येत नव्हती, कामाची येत होती. तो उठला आणि म्हणाला, "चला, काढा ती गोधडी."

मग दोघांनी मिळून खुर्ची बसवली. कासरा सुटता सुटेना, तो शेवटी कापावाच लागला. वैजनाथनं पट्टा कुठल्या खाचेतून जातो ते दाखवलं, गुंडप्पानं गुडघ्यानं भार कसा टाकायचा ते दाखवलं. "नुसत्या हातानं ओढून पट्टा बसत न्हाई. अंगाचं वजन टाका. टाका, टाका, मोडत न्हाई ती!" वैजनाथनं सगळं वजन टाकलं, गुंडप्पानं पट्टा सरसर ओढून घेतला, खटका बसला. मग त्यानं खुर्ची पट्ट्यापाशी धरून हलवली. खुर्ची बाकाला धरून राहिली आणि अख्खी गाडी डुलली. आत मागच्या काचेत लटकवलेली पारूची बाहुलीसुद्धा नाचली.

आवाजानं नीलाबाई बाहेर आली. जमिनीवर घडी करून ठेवलेली गोधडी तिनं पाहिली आणि तिचा चेहरा उतरला.

"मंग माझ्या लेकराला पांघरायला न्हाई का?"

"हाय ना आत्या," वैजनाथ म्हणाला. "खाली न्हाई, आन् पट्ट्याच्या आतबी न्हाई. आधी पट्टे अंगाला, मंग वरून गोधडी. तुमी घालता ती जाड कुंचीबी गाडीत काढायची. जाड कापडावर पट्टा आवळला की आवळल्यासारखा वाटतो, पर आत लेकरू मोकळंच राहतं."

नीलाबाईनं जावयाकडं, मग नवऱ्याकडं पाहिलं. हे दोघं पहाटे कधी एक झाले हे काही तिला उमगलं नाही. पण गोधडी पुण्याला जाणार एवढ्यावर ती राजी झाली.

निघायची वेळ झाली तेव्हा दारात निम्मी गल्ली जमली होती. मोहनराव नारळ घेऊन आले होते. चेअरमनकीची खुर्ची गेली तरी कुणाच्या जावयाला निरोप द्यायचा मान त्यांनी सोडला नव्हता. छबुबाई होती, रामकिसन होता. डिकीत अनारसे, पापड, शेंगदाणे, सगळं भरून झालं. शिवगंगा आईच्या गळ्यात पडून रडली. वैजनाथनं पारूला खुर्चीत ठेवलं, पट्टे खांद्यावरून आणले, मध्ये अडकवले, ओढले, वर गोधडी घातली आणि दार लावायला तो मागं सरला.

गुंडप्पा पारूचा पापा घ्यायला वाकला आणि त्याला दिसलं. डाव्या खांद्यावरचा पट्टा पिळला होता. एकच पीळ. रुंद पट्टा तिथं सुतळीसारखा झाला होता. झटका बसला तर खांद्यावर नीट बसायच्या ऐवजी कापेल, असा.

त्यानं स्वतःच बोटानं सरळ केला असता तर कुणाला कळलंही नसतं. हात पुढं गेलाही. पण मध्येच थांबला. पुण्यात रोज हे कोण करणार आहे? आणि पहाटेचं ते बोलणं त्याच्या कानात होतं. त्यानं मागं वळून पाहिलं. निम्मी गल्ली होती. मोहनराव होते. अधिक महिन्याचे अजून नऊ दिवस बाकी होते.

"पट्टा पिळलाय बे!" गुंडप्पा ओरडला. "ध्यान कुठं हाय तुझं? नीट बघून लाव की!"

मोहनरावांच्या हातातला नारळ तसाच राहिला. नीलाबाईनं जीभ चावली आणि पदर तोंडाला लावला. रामकिसननं तर डोळेच मिटून घेतले.

वैजनाथचा चेहरा लाल झाला. तो गाडीत वाकला. खटका सुटल्याचा आवाज आला. त्यानं पट्टा काढला, सरळ केला, वरपासून खालपर्यंत बोट फिरवून पाहिला, परत लावला. एवढ्या कामाला जेवढा वेळ लागतो त्याच्यापेक्षा पुष्कळ जास्त वेळ तो आत वाकून राहिला. बाहेर आला तेव्हा त्यानं बाहीनं डोळे पुसले. कुणाला वाटलं घाम असेल. शिवगंगेला कळलं.

"आता बघा, मामा."

गुंडप्पानं वाकून पाहिलं. दोन्ही खांदे, कंबर, मधला खटका. पट्ट्याखाली बोट घालून पाहिलं, चिमटीत धरायलाही पट्टा मोकळा नव्हता. पारूनं त्याची मिशी ओढली.

"आता बरोबर हाय."

"आणिक काय चुकलंय?" वैजनाथ म्हणाला. तो तिथंच उभा होता, दार धरून, नववीतल्या पोरासारखा. "सांगा ना. आणिक काय?"

आणखी काहीच चुकलेलं नव्हतं. गुंडप्पानं गाडी पाहिली, टायर पाहिले, डिकी पाहिली. सगळं जागच्या जागी होतं. पण त्या पोराच्या डोळ्यांकडं बघून त्याला रिकाम्या हातानं मागं फिरवेना. त्यानं वैजनाथला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं. शेवटी त्याला सापडलं.

"शर्टाची गुंडी तुटलीय," तो दरडावून म्हणाला. "आसा उघडा हिंडतोस व्हय? घरी गेल्यावर आधी लावून घे."

"घेतो," वैजनाथ म्हणाला, आणि एका हातानं शर्टाचा गळा जुळवून धरत तो गाडीत बसला.